मातकट रंगाचा दसरा

सायलीची खोकी आली ती मी शाळेत शिकवून घरी येऊन पंख्याखाली पाय पसरले न पसरले तोच. कुरिअरवाल्याने ती दारात ठेवली, सायलीने कात्रीने फाडली आणि हॉलभर कागदाचे बोळे झाले. आतून उशांचे अभ्रे निघाले, पडदे निघाले, सोफ्यावर टाकायची एक जाडसर चादर निघाली आणि वाळक्या गवताची एक जुडी निघाली. माझ्या माहेरी म्हशीपुढे टाकली असती तर म्हशीने ती नुसती हुंगून सोडली असती. सगळ्यांचे रंग एकाच घराण्यातले होते. विटकरी, गंजका, मातकट.

"ऑटम कलेक्शन आहे मम्मी," सायली म्हणाली. "सगळीकडे आता हेच चाललंय. मातीचे रंग."

सायली माझी मुलगी. लोकांची घरं सजवून देते. चिकलठाण्याकडे नव्या सोसायट्या उभ्या राहिल्यात, तिथली जोडपी तिला बोलावतात. पण त्याआधी आमचंच घर सजतं, त्याचे फोटो निघतात, ते बघून बोलावणी येतात. त्यामुळे आमच्या घराला स्वतःचं असं काही रूप राहिलेलं नाही. उन्हाळ्यात ते समुद्रकाठी असतं, श्रावणात केरळात. मी फक्त झाडून घेते.

"अगं, आपल्याकडे पानं गळतात ती शिमग्याच्या सुमारास," मी म्हटलं. "आत्ता आश्विन तोंडावर आलाय. बाहेर बघ, बांधाबांधावर हिरवंगार आहे."

"फोटोत कुठं कळतंय ते," ती म्हणाली. तेही खरंच.

मी एक अभ्रा उचलला आणि तो हातातच राहिला. रंग थेट गेरूचा. चुलीच्या कडेने, उंबऱ्याच्या बाजूने, भिंतीच्या पायाशी माय जो पट्टा ओढायची, त्याचा. मी नकळत तो नाकाशी नेला. प्लास्टिकच्या पिशवीचा वास आला.

तेवढ्यात खिडकीजवळच्या दिवाणावरून माय बोलली. गेले आठ-दहा दिवस ती एकच बोलत होती.

"पितरं सरत आली बाई. मला पिशोरला नेऊन घाल. दसरा काढायचा हाय."

माय म्हणजे माझी आई. उन्हाळ्यात ती पिशोरच्या घरी अंगणात पडली आणि शेजारची सखू दुधाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. मला भाऊ नाही, बहीण नाही. तिने एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. ती दसऱ्याचं नाव काढून एकदा गेली की परत येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. म्हणून ती रोज मागायची आणि मी रोज "बघू" म्हणायचे. त्या "बघू"चा मला आताशा फार थकवा यायला लागला होता.

दसरा काढणं म्हणजे काय, ते सायलीला सांगून कळत नाही. ती म्हणते, म्हणजे दिवाळीची साफसफाईच ना. नाही गं. साफसफाईत घाण काढतात. दसऱ्याला आख्खं घरच बाहेर काढतात. घट बसायच्या आत घरातल्या प्रत्येक वस्तूला पाणी लागलं पाहिजे. गोधड्या, वाकळा, धोतरं, लुगडी, सुपं, टोपल्या, पोळपाट, पाट, पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा. जे धुतलं नाही ते घटाच्या घरात राहायचं नाही, असा मायचा कायदा. त्याला अपवाद एकच होता, घोंगडी. लोकरीला विटाळ नसतो. आम्ही मेंढरंवाले, घरात घोंगड्या पुष्कळ. त्यांना फक्त ऊन दाखवायचं आणि काठीने झोडपायचं. धूळ उडायची आणि मेंढरांचा तो उबट, तेलकट वास अंगणभर व्हायचा. त्या वासाची मला कॉलेजात असताना लाज वाटायची. आता कुठे मिळाला तर थांबून घेईन.

पण त्याआधी भिंती. गावाबाहेर ओढ्याच्या वरच्या अंगाला पांढऱ्या मातीची दरड होती. भादव्याचं ऊन चटचटायला लागलं की बायका पाट्या घेऊन तिकडे निघायच्या. ओल्या रानाची वाट, दोन्ही अंगांना बाजरी, तरवडाला पिवळी फुलं आलेली. माती खणताना बायका नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या आणि मी जवळ गेले की विषय बदलायचा. डोक्यावरच्या पाटीतून मातीचं पाणी मानेवर ओघळायचं आणि वाळलं की कातडी ओढल्यासारखी व्हायची. घरी ती माती घंगाळात भिजत घालायची. तिला वास येतो. पावसाच्या मातीचा नाही, तो सगळ्यांना ठाऊक असतो. हा थंड, जुना, विहिरीच्या आतल्या अंगासारखा वास. आम्ही गावातली पोरं लहानपणी ती माती चोरून खायचो. जिभेला चिकटायची आणि मग गार लागायची.

माय पोतेरं बुडवून भिंत पोतारायची. पहिला हात दिला की भिंत काळपट दिसायची, मला वाटायचं सगळं बिघडलं. मग दुपार चढायची आणि भिंत एका कोपऱ्यातून उजळत यायची. मी समोर बसून बघायचे. पांढरं नेमकं कधी होतं ते पकडायचं असं दर वर्षी ठरवायचे, आणि दर वर्षी कुणीतरी हाक मारायचं, मी उठायचे आणि येऊन बघते तो भिंत पांढरी झालेली असायची. मग खालच्या अंगाला गेरूचा पट्टा. तो ओढताना माय बोलायची नाही. श्वास धरून, एका दमात, दारापासून कोपऱ्यापर्यंत.

उतरंड खाली यायची तो दिवस माझा सगळ्यात लाडका. एकावर एक रचलेली मडकी एकेक करून अंगणात उतरायची आणि त्यांच्या पोटातून वर्षभर विसरलेल्या गोष्टी निघायच्या. दुधी भोपळ्याचं बी, शेवयांचा चुरा, हरवली म्हणून मला ज्यासाठी मार बसला होता ती माझी रिबीन. प्रत्येक मडक्याला आपला वास. चिंचेचं मडकं आंबूस, डाळीचं पिठूळ, आणि तळातल्या मोठ्या रांजणात तोंड घालून मी ओरडायचे, तर आतून कुणीतरी मोठं माणूस ओरडल्यासारखं व्हायचं.

धुणं नदीवर. आमच्याकडे बैलगाडी नव्हती, वडिलांचं घोडं होतं. वडिलांना मी दादा म्हणायचे. मेंढरांबरोबर ते महिनोन्‌महिने बाहेर असत, पण दसरा काढायच्या वेळी कळप गावाजवळ आलेला असायचा. ते पहाटे घोडं आणून दारात उभं करायचे. गोधड्यांची गाठोडी दोन्ही बाजूंना, वर वाकळा, त्यावर मी. घोड्याच्या पाठीवर आख्ख्या घराचं अंथरूण आणि त्यावर बसून मी गावातून चाललेय, लोक बघतायत. त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ वाहनांतून गेले, पण तसा तोरा पुन्हा आला नाही.

नदी त्या दिवसांत भरलेली असायची. पाणी कुणी मोजायचं नाही. खडकाखडकावर एकेक घर, प्रत्येकाचं पातेलं चुलीवर, सोड्याच्या पाण्यात गोधड्या रटरटतायत, त्यांतून वर्षभराचा घाम, धूर, मुतलेली बाळं, आजारपणं सगळं वाफेतून वर येतंय. मग धोपाटण्याचे आवाज. धप्प. पलीकडच्या काठावरून तोच आवाज परत यायचा, जरासा उशिरा, जणू पलीकडेही एक गाव आपला दसरा काढतंय. दुपारी भाकरी, ठेचा आणि हाताला सोड्याचा वास, कितीही धुतले तरी. गोधड्या तरवडाच्या झुडपांवर, खडकांवर, गवतावर पसरलेल्या. माझं काम शेरडं हाकलायचं. लोकांची शेरडं यायची ती बरोबर आमच्याच गोधडीवर लेंड्या टाकायला यायची, असं माझं ठाम मत होतं.

आणि संध्याकाळी घरी आलं की घर ओळखू यायचं नाही. भिंतींना गार वास, जमीन सारवलेली, वस्तू सगळ्या बाहेर. बोललं की घुमायचं. गोधड्या अजून दमट, म्हणून त्या दिवशी घोंगडीवर पडायचं, पायाला टोचायचं. दादा म्हणायचे, "आज आपलं समद्यांचं घर रानात हाय." ते हसून म्हणायचे. त्यांचं तर वर्षभर तिथंच असायचं.

दादा गेले त्याला बरीच वर्षं झाली. मेंढरं त्याआधीच विकली. नदीवर आता बंधारा आहे आणि दरड कुणीतरी सपाट करून तिथे मका लावलाय. पिशोरच्या घराला मीच आग्रह करकरून ऑइलपेंट दिला. मायला त्रास नको म्हणून. त्या वर्षी ती घरभर हिंडत होती आणि भिंतीला हात लावून बघत होती. "चिकट लागती," एवढंच म्हणाली.

त्रास नको, हे माझं तिच्या बाबतीतलं धोरणच आहे. आमच्याकडे आल्यावर ती पहिल्या दिवशी भांड्यांना उठली, मी तिला हाताला धरून बसवलं. लसूण सोलायला घेतला, मी काढून घेतला. डोळ्यांना ताण नको. कपड्यांच्या घड्या घालायला लागली, तर वाकू नकोस म्हटलं. आयुष्यभर राबली, आता तरी बसू दे, असं मी शाळेत बाकीच्या बाईंना अभिमानाने सांगायचे. मी पहाटे उठून डबे, शाळा, येऊन स्वयंपाक, वह्या, तिच्या गोळ्या, पाणी. ह्यांची कंपनीत पाळी बदलते तशी घरातल्या चहाची वेळही बदलते. पाणी आमच्याकडे आठवड्याने येतं, तेव्हा रात्र असो की पहाट, ड्रम भरायला मीच. आणि माय दिवाणावर, टीव्हीपुढे, हात मांडीत ठेवून. ते हात मला दिसायचे. ते कुणाचे तरी सांभाळायला दिलेले असावेत तसे ती धरून बसायची.

सायलीने दोन दिवस खपून घर मातकट केलं. अभ्रे चढले, पडदे लागले, चादर सोफ्यावर मुद्दाम विस्कटून टाकली, गवताची जुडी मातीच्या बरणीत उभी राहिली. शनिवारी संध्याकाळी फोटो काढायला माणूस येणार होता. शनिवारी सकाळची शाळा. सायली फुलदाणी आणायला गुलमंडीच्या बाजारात गेलेली, आमचे हे कंपनीत पहिल्या पाळीला. मी दुपारी घरी आले तर जिन्यातच चप्पल चपचपली. आमच्या दाराखालून पाणी येत होतं.

आत सोफा उघडावाघडा. खिडक्या उघड्यावाघड्या. मायने पदर खोचलेला, कोपरापर्यंत फेस, आणि न्हाणीतून दाराकडे विटकरी पाण्याचा लोंढा चाललेला. बाल्कनीच्या गजांवर अभ्रे वाळत होते, फिकुटलेले, कुठे पांढुरके, कुठे डागाळलेले. तिने माझ्या शाळेच्या पांढऱ्या साड्याही त्याच बादलीत घातल्या होत्या, त्या आता केशरीही नव्हत्या आणि गुलाबीही नव्हत्या. दोन्ही ड्रम तळाला गेलेले. गवताची जुडी मोडून केराच्या डब्यात बसवलेली.

"माय, काय केलंस हे?"

"दसरा काढला," ती म्हणाली. मला तिचा चेहरा अजून दिसतो. कितीतरी महिन्यांनी त्यावर माणूस होतं. "तू तं नेत नायस. मंग हितलाच काढला. समदं कसं मातकट झालं व्हतं बाई. असं मळकं घटाला कसं ठिवायचं? लई बडवलं, तवा कुठं मळ निघाला. आन् वाळकं गवत घरात ठिवीत नसतेत."

मला हसू यायला हवं होतं. नवा कोरा रंग तिने मळ समजून बडवून काढला होता आणि किती मळ निघाला ते कौतुकाने दाखवत होती. पण मी ड्रमकडे बघत होते. पाणी यायला अजून निम्मा आठवडा होता.

माझ्यामागून सायली आली. हातात फुलदाणीचा पुडा. तिने गजांकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं. "आजी, ते नवीन होतं," एवढंच म्हणाली. आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"नवं व्हतं?" मायने मला विचारलं. "नवं असं मळक्या रंगाचं कोन इकत घेतं?"

तिने फेसाचे हात पदराला पुसले. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू निघून गेलं, मी बघत असताना.

"उद्या मला गाडीत बसवून दे," ती म्हणाली. "एकटी जाईन म्या. लेकीच्या घरी बसून खायाचं, वरून नासधूस करायची. नगं मला."

आतापर्यंत मी दर वेळी "बघू" म्हटलं होतं. त्या दुपारी तेही तोंडातून निघेना. मी तशीच ओल्या फरशीवर बसले, पर्स खांद्याला, साडी भिजतेय. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते या घरात मी कधी बोलत नाही त्या बोलीत निघालं.

"जाशील गं. मंग मला दर शनिवारी पिशोर. हितलं समदं करून पिशोर. रातभर फोनकडं कान. माय, मी लई थकले. मला नाय होत आता."

ती भिंतीला धरत हळूच माझ्यासमोर टेकली, त्याच पाण्यात.

"कवापासून?"

"लई दिवस झाले."

"मंग बोलली कामून नायस?"

"तुला कशाला तरास."

"व्हय," ती म्हणाली. "मला तरास नगं. भांडं घासू देईनास, लसूण सोलू देईनास. टीव्हीपुढं बसवून ठिवलंस पाव्हणीवाणी. पाव्हणी किती दिवस ऱ्हाती बाई? तिनं जायाचंच बघायचं असतं."

मला फार वाईट वाटलं. एवढे महिने मी तिला सुख देत होते आणि त्या सुखाने तिला दाराकडे ढकलत होते. शिवाय त्यापायी मीही मोडत चालले होते. दोघींपैकी एकीचंही त्यात भलं नव्हतं.

"मग पाव्हणी नको ना होऊस," मी म्हणाले. "मला लागतेस तू. कामाला लागतेस."

माझं रडणं तिने बघितलं, पण समजूत घालायला ती थांबली नाही. माझ्या डोक्यावर हात टेकवून, त्याचाच आधार घेऊन ती उठली.

"ऊठ. लुगडं बदल, ओल्यात बसू नगं. आन् पड जरा."

"पोळ्या राहिल्यात अजून."

"म्या हाय ना."

ती सायलीच्या दाराशी गेली आणि बोटाने टकटक केलं. "सायले, भाईर ये. पडदे लई जड झाले, एकटीच्यानं पीळ बसंना. एक टोक धर."

आतून कडी निघाली. मी साडी बदलून पलंगावर आडवी झाले होते, दार अर्धं उघडं होतं. सायलीचे डोळे सुजलेले. तिने पडद्याचं टोक धरलं.

"तू तिकडून उजवीकडं पीळ, म्या हिकडून उलटं. आन् पाणी बादलीत पडू दे, सांडू नगं. फरशी पुसाया व्हईल."

बादलीत धार पडल्याचा आवाज आला.

"आजी, आता याला काही रंगच राहिला नाही."

"बरं झालं. आता कसं सवच्छ दिसतंय."

सायली हसली नाही. दोन दिवस ती फुगून होती, आणि फोटोवाल्याला पुढची तारीख द्यावी लागली. पण टोक तिने सोडलं नाही. माय तिला पिळण्यातल्या चुका सांगत होती, चांगल्या खणखणीत आवाजात, जसा आवाज मी विसरूनच गेले होते. मग स्वयंपाकघरात परात वाजली. पीठ कुठल्या डब्यात आहे ते तिने विचारलं नाही, शोधलं.

दुपारी झोपायची मला सवय नाही. पडले तरी कान जागे असतात, कुकर, बेल, नळ, फोन. त्या दुपारी मी झोपले ती थेट दिवेलागणीपर्यंत. घरात माझ्यापेक्षा मोठं कुणीतरी जागं होतं.